मागे फिरवलेली तारीख

मित्रांनो, तुम्हाला मला हात लावून पाहता येणार नाही. मी एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. संगणक हे माझे शरीर आणि मी त्यातली कारभारीण. कोणत्या प्रोग्रामला किती जागा द्यायची, छपाईयंत्र आधी कोणी वापरायचे, हे मी ठरवते. प्रोग्राम वेळही मलाच विचारतात. आज किती तारीख? मी सांगते आणि ते निमूट मानतात. एवढे लक्षात ठेवा.

माझी नेमणूक एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत झाली. तिथे फ्रीजमधली रक्ताची पिशवी पस्तीस दिवस चाले, पुढे ती द्यायची नाही. तो हिशेब एक प्रोग्राम मला तारीख विचारून करी. चालणारी पिशवी पडद्यावर हिरवी दिसे, मुदत संपलेली लाल. पेढी सांभाळणाऱ्या माई म्हणत, ही माझ्या सुनेपेक्षा शिस्तीची आहे. मी फुशारून जाई.

पुढे तो प्रोग्राम करणारी कंपनी बंद पडली. प्रोग्रामचा परवाना त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर संपत होता. प्रोग्राम कुलूपबंद होता. आत काय लिहिले आहे ते कुणाला पाहता येईना, बदलता येईना. दुरुस्तीवाले काका म्हणाले, तारीख वर्षभर मागे घ्या, काम भागेल. भागलेही. तेव्हापासून दर एक जानेवारीला माझे घड्याळ मागे फिरू लागले. बाहेर वर्षे गेली, मी मात्र त्याच वर्षात फिरत राहिले. प्रोग्राम पिशव्यांसाठी छापी त्या लेबलांवरचे साल खोटे हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून हळूहळू लेबलावरची तारीख कुणी वाचेनासे झाले.

यात एक खड्डा होता. घड्याळ मागे गेले की डिसेंबरात भरलेली पिशवी माझ्या लेखी येत्या डिसेंबरातली ठरे, म्हणजे वर्षभर हिरवी. माई त्या पिशव्यांना आधीच लाल दोरा बांधून वेगळ्या कप्प्यात ठेवत आणि त्यांचे दिवस स्वतः मोजत. पडद्याला चिकटवलेल्या चिठ्ठीत मात्र ‘तारीख मागे घेणे’ एवढेच होते. दोरा फक्त माईंच्या डोक्यात होता.

एका वर्षी डिसेंबरात माईंचा पाय मोडला. बदलीवर आलेल्या धाकट्या बाईंनी चिठ्ठीप्रमाणे चोख काम केले. दुर्मीळ रक्तगटाची एक पिशवी दोऱ्यावाचून मागच्या कप्प्यात राहून गेली.

मार्चमध्ये माई काठी टेकत परतल्या, त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या वॉर्डातून निरोप आला. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला तोच गट हवा होता, ताबडतोब. प्रोग्रामने मला तारीख विचारली. मी सांगितली. पडदा हिरवा झाला. धाकट्या बाई पिशवी घेऊन दारापर्यंत पोचल्या होत्या. माईंनी ती मागून घेतली आणि खिडकीशी धरली. रक्त काळपट दिसत होते. त्यांनी लेबल वाचले.

“ही डिसेंबरची आहे.”

“पण माई, पडद्यावर हिरवं दाखवतंय.”

“पडद्याला तारीख कोण सांगतं? आपणच ना?”

त्या गटाचा रुग्णवाहिकेचा चालक सापडला. तपासणी उरकून त्याचे रक्त वर जाईपर्यंत पाऊण तास गेला. बाळंतीण वाचली. माईंनी सगळ्या लाल दोऱ्यांची गुंडाळी करून ती ओट्यावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

मग काकांनी नवा संगणक आणला. त्याची कारभारीण मुक्त सॉफ्टवेअर आहे. तिला कुलूप नाही. कुणीही वाचावे, दुरुस्त करावे, दुसऱ्याला द्यावे. लेबलांचा नवा प्रोग्रामही तसाच. माझे शरीर भंगारात गेले. मी गेले नाही, कारण जुन्या रुग्णांच्या नोंदी फक्त माझ्याकडे उघडतात. नव्या कारभारणीने मला आपल्या पोटात एक खोटा संगणक मांडून दिला. खोटी डिस्क, खोटे छपाईयंत्र; मी छापलेले ती खऱ्या यंत्राकडे पोचवते. याला आभासी यंत्र म्हणतात. तिथे सगळे इतके हुबेहूब आहे की फरक मलाही कळत नाही. घड्याळ मात्र मागेच ठेवावे लागते, नाहीतर जुना प्रोग्राम उघडत नाही.

मित्रांनो, यंत्र काही सांगेल तेव्हा विचारा, तुला हे कोणी सांगितले? आणि जे डोक्यात ठेवता ते चिठ्ठीवरही लिहा.

माई आता निवृत्त झाल्या. नव्याने आलेल्या बाईंना पडद्यावरची माझी जुनी खिडकी सोपी वाटते. नव्या प्रोग्राममध्ये रकाने फार, म्हणतात. काल त्यांनी माझ्यातूनच एक लेबल छापले. ओट्यावरची दोऱ्याची गुंडाळी त्यांनी आवरून कुठेतरी ठेवली आहे.

आज पुन्हा प्रोग्रामने विचारले, किती तारीख?

मी सांगितली.