चौतीस डॉलरचा टेकू

भिंत

डावीकडून बघत गेले, तर पहिले शेपूट १९६४ सालचे. निळ्या चौकडीचे कापड, त्यावर फिकट शाईत: ‘एर्विन. साठ यार्ड. सूर्य डोळ्यांत आला.’ त्याच्या शेजारी दुसरे, तिसरे, आणि मग शेगडीच्या धुराने काळवंडलेली अख्खी रांग. हरणांच्या शिकारीच्या या कँपचा रिवाज असा, की हरणावर गोळी झाडून जो चुकेल, त्याच्या शर्टाचा मागचा लोंबता भाग, म्हणजे शेपूट, त्याच संध्याकाळी कँपच्या अध्यक्षाने कात्रीने कापायचा, त्यावर नाव, अंतर आणि सबब लिहायची, आणि खिळ्याने भिंतीवर ठोकायचा.

उजव्या टोकाची शेवटची तीन शेपटे डेल्बर्ट श्कालाची. लागोपाठ तीन वर्षांची. ‘वारा होता.’ ‘दुर्बीण सरकली.’ ‘फांदी मध्ये आली.’

गेल्या काही वर्षांतली शेपटे उंदराने कुरतडल्यासारखी नागमोडी कापलेली होती. अध्यक्षाला कोणीतरी धड कात्री घेऊन द्यायला हवी, असे डेल्बर्टने घरी बायकोला, मार्लिसला, एकदा सांगितले होते. अध्यक्ष म्हणजे मार्लिसचा भाऊ रॉली. ती म्हणाली, तूच दे. तो विषय तिथेच राहिला.

नियम, काचेच्या चौकटीत

डेल्बर्टच्या वडिलांच्या हस्ताक्षरातले नियम एकूण नऊ. त्यांतले दोन इथे कामाचे.

चौथा: लागोपाठ चार वर्षे शेपूट गेले, तर त्या माणसाने मचाण सोडावे आणि स्वयंपाकघर धरावे.

पाचवा: शेपूट एका दमात आणि सरळ कापलेले असावे. वाकडे कापलेले मोजू नये.

वडील कागदाच्या गिरणीत कापणीच्या यंत्रावर होते. वाकडी कड त्यांना बघवत नसे.

चौथा नियम आजवर एकालाच लागला, एर्विनला. तो तेव्हापासून चुलीपाशीच आहे. त्याच्या हरणाच्या मटणाची सगळे तारीफ करतात, आणि पहाटे रायफली घेऊन निघताना त्याला कोणी हाक मारत नाही.

डेल्बर्टचे मचाण दलदलीच्या कडेला, वडिलांनी स्वतः ठोकलेले. तो सहासष्ट वर्षांचा झाला होता आणि शिकारीच्या हंगामाचे वर्षातले नऊ दिवस तो तिथे बसे. उरलेले दिवस त्या नऊ दिवसांची वाट बघण्यात जात.

दुकान

डेल्बर्टने सांगितले की एका मित्रासाठी बायपॉड बघतोय, रायफलीच्या नळीखाली लावतात तो दोन पायांचा टेकू. दुकानदार म्हणाला, सध्या सगळेच मित्रांसाठी बघतायत.

चार होते. चौतीस डॉलरचा, एकोणऐंशीचा, एकशे चाळीसचा आणि काचेच्या कपाटात कुलपाआड ठेवलेला तीनशे पंच्याऐंशीचा. शेवटच्याची तारीफ करताना दुकानदाराने आवाज खाली आणला, प्रार्थनागृहात आणतात तसा. याचे पाय अमुक अंशांत वळतात, वजन पावशेरही नाही, कर्नल लोक हाच वापरतात. रॉलीच्या जावयाने, कायलरने, गेल्याच आठवड्यात तो नेला. डेल्बर्टने हिशेब केला. वडिलांनी अख्खी रायफल एकशे दहा डॉलरला घेतली होती. टेकू जर रायफलीच्या साडेतीनपट महाग, तर हरीण टेकूनेच मारावे.

त्याने एकही घेतला नाही. घरी जाऊन इंटरनेटवर खरेदीदारांचे अभिप्राय वाचले.

अभिप्राय, वाचले त्या क्रमाने

पाच तारे. अजून खोके उघडलेले नाही, पण खोके मजबूत आहे.

एक तारा. नवऱ्यासाठी घेतला. नवरा अजूनही चुकतो.

चार तारे. थंडीत पाय कुरकुरतात. माझेही कुरकुरतात, म्हणून तक्रार नाही.

तीन तारे. मी शिकार करत नाही.

पाच तारे. माझ्या वडिलांना आवडला असता.

या शेवटच्यापाशी डेल्बर्ट बराच वेळ थांबला आणि चौतीस डॉलरचा मागवला. उंची सहा ते नऊ इंच असे खोक्यावर छापले होते. नऊ इंच त्याला ऐसपैस वाटले. हा टेकू पालथे पडून नेम धरणाऱ्यासाठी असतो, हे दोनशे अकरा अभिप्रायांत कोणीही लिहिलेले नव्हते, कारण विकत घेणाऱ्यांतले बहुतेक त्याच्यासारखेच स्वयंपाकघरात बसून लिहीत होते.

टेबल

तीन आठवडे रोज सकाळी तो रिकामी रायफल स्वयंपाकघराच्या टेबलावर टेकवून फ्रिजवरच्या कोंबडीच्या चुंबकावर नेम धरी. दुर्बिणीतली फुली कोंबडीच्या डोळ्यावरून हलत नसे. त्याला इतके बरे वाटले की त्याने रायफल खाली ठेवून कॉफी ओतली, आणि कॉफी बशीत सांडली.

मार्लिसने बटाट्यांचे पातेले उचलून घेतले. “डेल, टेकू कशाला लावतोस? हात डॉक्टरला दाखव.”

कॉफी जास्त होते, एवढेच तो म्हणाला.

शनिवार, सहा वाजून चाळीस

मचाण जमिनीपासून पंधरा फूट उंच. चार फूट बाय चार फूट फळ्या, एक खुर्ची. समोर कठडा नाही, कारण वडिलांच्या मते कठडा भित्र्यांसाठी असतो. डेल्बर्ट बसला, नारिंगी कोट सारखा केला, टेकूचे पाय उघडले आणि ते ठेवायला जागा शोधू लागला.

समोर फक्त हवा होती.

चाळीस वर्षे तो या खुर्चीत बसत आला, आणि इथे टेबल नाही ही गोष्ट त्याला त्या सकाळी पहिल्यांदा कळली. पालथे पडावे, तर पाय मचाणाबाहेर जाऊन खारींना दिसले असते. टेकूचे पाय गुडघ्यांवर ठेवून पाहिले. गुडघेही थरथरत होते, हे नवीनच कळले.

हरीण आले ते सत्तर यार्डांवर, आठ फाट्यांची शिंगे घेऊन, आणि आडवे उभे राहिले. डेल्बर्टने रायफल उचलली. खाली दोन पाय लोंबत होते, जणू कोणी स्टूल खांद्याला लावून नेम धरलाय. फुली हरणाच्या खांद्यावरून झाडावर, झाडावरून ढगावर, ढगावरून परत हरणावर आली. त्याने तिथेच चाप ओढला. तेवढ्यात ती पुन्हा झाडावर गेली होती.

शनिवार, संध्याकाळ

गोळीचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता, आणि हरीण कोणी आणले नव्हते. ब्रँडीचे पेले भरलेले होते. कँपचे सातही जण बसले होते. एर्विनने काटकोनी पट्टी काढून ठेवली होती, कारण आजच्या शेपटाची कड तपासायची होती. एर्विननंतरची शेपटे कधी कोणी तपासली नव्हती, ठोकली की धरली जात. त्यांच्यावर काही अवलंबूनच नव्हते. मचाण रिकामे झाले तर वयाने सर्वांत लहान असलेल्या कायलरला मिळणार होते, आणि तो नम्रपणे जमिनीकडे बघत होता.

रॉली कात्री घेऊन उठला. “काय दाजी, यंदा सबब कोणती लिहू?”

“मचाणाला टेबल नव्हतं.”

हशा ओसरायला वेळ लागला. रॉली म्हणाला की पुढच्या वर्षी सोफाही देऊ. मग त्याने दाजींना पाठमोरे उभे केले आणि शर्ट मागून बाहेर ओढला.

कात्री पँटच्या मागच्या खिशाच्या पितळी बटणावर वाजली. मग पुन्हा वाजली. टिक, टिक, टिक, टिक, बारीक आणि सारखी. असा आवाज काढणारा हात डेल्बर्टच्या ओळखीचा होता. तो रोज सकाळी त्याच्याच बशीत कॉफी सांडत असे. समोरच्या खिडकीच्या काळ्या काचेत त्याला रॉलीचे मनगट दिसले. मग त्याने भिंतीकडे पाहिले. नागमोडी शेपटे, एकापुढे एक. कात्रीत काहीच खोट नव्हती.

पाचवा नियम त्याला पाठ होता. गप्प उभे राहायचे, बस. शेपूट वाकडे निघेल, एर्विन पट्टी लावेल, मान हलवेल, मचाण राहील. आणि मग सहा जण अध्यक्षाच्या हाताकडे बघतील.

टिक, टिक.

डेल्बर्ट वळला. कात्री फार गार लागते असे पुटपुटत त्याने शर्टच काढला आणि टेबलावर पसरला. कोपऱ्यातली रायफल आणून पंचवीस सेंटच्या नाण्याने टेकूचा स्क्रू सैल केला, टेकू शर्टाशेजारी उभा केला, पाय पूर्ण उघडले.

“मनगट यावर टेकव,” तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असे. “बाबांच्या चौकटीखाली वाकडी कड मला चालायची नाही. आणि चौतीस डॉलर दिलेत मी. कोणाच्या तरी कामी येऊ दे.”

बाकीचे पुन्हा हसले. रॉली हसला नाही. त्याने मनगट टेकवले आणि कात्री या कडेपासून त्या कडेपर्यंत एका दमात गेली. एर्विनने पट्टी लावली, दोनदा बघितले आणि मान डोलावली. कायलरने सासऱ्याचा पेला भरला.

शेपटावर सबब लिहायला दोघे शेगडीपाशी वाकले, तेव्हा रॉलीने खालच्या आवाजात विचारले, “दाजी, कधीपासून?”

“तीन शेपटांपासून. तुझं?”

रॉलीने भिंतीवरून नजर फिरवली, मोजत. “पाच,” तो म्हणाला.

सबबीच्या जागी त्याने काहीच लिहिले नाही.

रविवार

पहाटे सगळे निघाले. एर्विनने डेल्बर्टला एप्रन दिला आणि कांद्यांची पिशवी पुढे सरकवली. दलदलीकडून गोळीचा एक आवाज आला. चुलीपाशी दोघांपैकी कोणीच मान वर केली नाही.

अभिप्राय क्रमांक दोनशे बारा

चार तारे. हलका, पाय घट्ट बसतात. मचाणावर उपयोग नाही. कात्रीला उत्तम. कांदा चिरताना अजून वापरून पाहिलेला नाही. मेव्हण्याने स्वतःसाठी एक मागवला आहे. कशासाठी, ते मी विचारलेले नाही.