टोपलीतलं मेडल

चीनची लढाई झाली आणि सरकारला अचानक आठवण आली, की आपल्याकडे शिपाईही असतात. तोवर यवतमाळच्या कचेरीत माजी सैनिक आला, की चपराशी त्याला दारातूनच हाकलायचा. त्रेसष्ट सालात त्याच माणसाला "या जवान" म्हणू लागले. बसायला खुर्ची मात्र तेव्हाही मिळत नसे, कारण कचेरीत खुर्च्या कमी होत्या आणि देशप्रेम भरपूर.

मी बाबाराव. कचेरीसमोरच्या निंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. माझ्या अर्जानं कुणाचं भलं झाल्याचं अजून ऐकलेलं नाही, पण अक्षराला कुणी नाव ठेवत नाही. त्या उन्हाळ्यात कळंबकडच्या एका तांड्यावरून पूनमसिंग माझ्याकडे आला. चाळिशी ओलांडलेला, मिशीला पीळ आणि भर उन्हात अंगात फौजेचा लोकरी कोट.

"बाबारावजी, माहं मेडल बुकात चढवून द्या," तो म्हणाला.

प्रकरण असं होतं. ज्याच्या सर्व्हिस बुकात शौर्याचं मेडल लागलेलं आहे, त्याला झरी जामणीकडे पाच एकर पडीत जमीन मिळणार, असं जाहीर झालं होतं. ती जमीन इतकी पडीत होती, की तिला उठवायला खरोखर शूरच माणूस लागला असता. पूनमसिंगला मेडल मिळालं होतं. मोठ्या लढाईत तो बर्मात खेचरांच्या तुकडीत होता. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून देशोदेशी हिंडले, याच्या वाट्याला खेचरं आणि दारूगोळा आला. वरून तोफा चालू असताना यानं खेचरांची अख्खी रांग नदीपार नेली. मेडल मात्र तो नोकरीतून सुटून घरी आल्यावर टपालानं आलं, त्यामुळे बुकात त्याची ओळ पडलीच नाही. तांड्यात तेव्हापासून त्याला 'खेचरवाला' म्हणत. दुसऱ्याच्या वावरात डवरे हाकता हाकता ते ऐकून घेणं त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"मेडल आणलं?" मी विचारलं.

"थे बायकोच्या डोक्यात हाय."

मला वाटलं, उन्हानं याचं डोकं फिरलं. पण तसं नव्हतं. त्यांच्यात लग्न झालेली बाई दोन्ही कानशिलांजवळच्या केसांत चांदीची एकेक टोपली, म्हणजे टोपलीच्या आकाराचा लोंबता दागिना, गुंफते. नवरा जिवंत तोवर ती उतरायची नाही. नवरा गेला, की उतरते. पूनमसिंग परत आला तेव्हा त्याच्या बायकोच्या, लालीबाईच्या, एका टोपलीचा तळ झिजून गेला होता. यानं सोनाराकडे मेडल नेलं आणि तळाच्या जागी बसवून घेतलं. चांदीची वस्तू, नवऱ्याच्या पराक्रमाची, बायकोच्या केसांत. यापेक्षा चांगली जागा मला तरी सुचत नाही. पेटीत ठेवून त्याला काळं पाडण्यात काय हशील?

हे कचेरीतल्या बापूजींना सांगितलं. बापूजी म्हणजे बडेबाबू. त्यांच्या टेबलावरचा कागद हलवायला वारासुद्धा परवानगी मागत असे.

"मेडल जमा करा," बापूजी म्हणाले.

"ते निघत नाही. हा मेल्यावरच निघेल," मी म्हणालो.

बापूजींनी पूनमसिंगकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तब्येत ठणठणीत दिसल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मग कठीण आहे," ते म्हणाले.

मी शक्कल लढवली आणि फोटो पाठवला. लालीबाई स्टुडिओत ताठ बसली, कानशिलाला मेडल लोंबत होतं, फोटो उत्तम आला. पलटणीच्या दफ्तरातून उत्तर आलं, की मेडल छातीच्या डाव्या बाजूला लावायचं असतं आणि फोटोतल्या जवानाचं नाव आमच्या कोणत्याही तुकडीत आढळत नाही. बापूजींनी ते उत्तर मला दोनदा वाचून दाखवलं. एरवी ते एकदाही वाचत नसत.

शेवटी दफ्तराचा एक कॅप्टन तपासणीला यवतमाळला आला. पुण्याकडचा माणूस, बोलणं इस्त्री केलेलं. मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते जुळलं की झालं, असं त्यानं सांगितलं. लालीबाई बैलगाडीतून आली होती. कॅप्टन भिंग घेऊन पुढे वाकला, तशी ती दोन पावलं मागं सरली.

"परक्या मानसानं टोपलीले हात लावाचा नाही," ती म्हणाली.

कॅप्टन लाजून उभा राहिला. भिंगातून लांबून त्याला अर्धा नंबर दिसला. उरलेला सोनारानं जोडलेल्या कडीखाली दबला होता.

"बाई, जरा काढून द्याल का? तपासून टपालानं परत पाठवू," कॅप्टन म्हणाला.

"साहेब," लालीबाई म्हणाली, "लढाईत तुमच्या सरकारचाच कागद आलता, मानूस गायब हाय म्हनून. सासू म्हने टोपली काढ. तांड्याचा नायक म्हने काढ. अख्खा तांडा म्हने. म्या नाई काढली. आता थो मानूस तुमच्यासमोर जित्ता उभा हाय, अन् तुमी मले काढ म्हनता?"

कॅप्टन छताकडे पाहू लागला. बापूजींनी टेबलावरचा एक कागद स्वतःच्या हातानं हलवला, ही त्या कचेरीतली मोठीच घटना. गोष्ट तिथं संपली असती आणि बरं झालं असतं. पण पूनमसिंग पुढे आला.

"लाले, काढ. साहेबासमोर नाटकं नको करू. पाच एकर हाय. अन् मले बुकात नाव पाह्यजे."

मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. कीवही आली. एका ओळीसाठी माणूस किती आंधळा होतो, ते मी निंबाखाली रोज पाहतो, पण इतका आंधळा पाहिला नव्हता.

लालीबाई त्याच्याकडे वळली. "तुमी म्हनता?"

"मी म्हनतो."

"इचार करा."

"केला."

ती खाली बसली. केसांची वीण तिनं स्वतःच सोडवली. वर्षानुवर्षांची वीण, घाईनं सुटेना, थोडे केस तुटून टोपलीबरोबर आले. टोपली तिनं नवऱ्याच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. कॅप्टननं ती पाकिटात घालून लाख लावली. बापूजींनी पावती दिली.

पुढचं मी नंतर ऐकलं: तांड्याच्या विहिरीपाशी गाडी आली, तेव्हा लालीबाईनं डोक्यावरची ओढणी मागे सारली. मुद्दाम सारली, असं माझं मत आहे. पाण्यावरच्या बायांनी तिचं उघडं कानशील पाहिलं आणि एकदम गळा काढला. पूनमसिंग गाडीतून उडी मारून ओरडला, "अवं, मी जित्ता हाओ ना!" पण बायांनी एकदा रडायला घेतलं, की असल्या किरकोळ कारणासाठी त्या थांबत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच निंबाखाली हजर. "बाबारावजी, मी जित्ता हाओ असा एक अर्ज लिहा."

"कुणाच्या नावे?"

"नायकाच्या."

अर्जाचा तिथं उपयोग नव्हता, म्हणून मी स्वतः गेलो. खरं सांगायचं तर मजा पाहायला गेलो. तांड्याचा नायक धनसिंग म्हातारा, पण डोकं शाबूत. त्यानं शांतपणे सांगितलं, "टोपली नवरा मेल्यावर उतरते. टोपली उतरली. म्हनजे नवरा मेला."

"अन् मंग मी कोन?" पूनमसिंग ओरडला.

"थेच तं पाहून राह्यलो आमी," नायक म्हणाला.

असं प्रकरण तांड्यात कधी झालं नव्हतं, त्यामुळे पंच गोंधळले होते. तोडगा निघेपर्यंत पूनमसिंगनं गोठ्यात झोपावं, असं ठरलं. तो निमूट झोपू लागला. मेडल परत आलं की पुन्हा बायकोच्या केसांत घालू, मग सगळं सुरळीत, अशी त्याची समजूत. दिवाळीच्या तोंडावर पाकीट आलं, आत टोपली आणि एक कागद. कागद मी त्याला वाचून दाखवला: नंबर जुळला, मेडलची नोंद सर्व्हिस बुकात झाली, जमिनीचा हुकूम सोबत जोडला आहे. पूनमसिंग रडला. खरोखर रडला. मग मला हाताला धरून तांड्यावर घेऊन गेला.

पंच बसले. त्यानं पाकीट नायकापुढे ठेवलं.

"उतरलेली टोपली परत चढत नाही," नायक म्हणाला. "नवा नवरा केला, तं नवी चढते. लालीबाई आता रांडमुंड हाय, तिनं दुसरा मानूस केला तं तांड्याची हरकत नाही. ह्या पूनमसिंगाच्या घरात बाई नाही, तब्येत बरी हाय, आता जमीनबी आली. त्यानं विचारावं."

"पन गोत?" एका पंचानं शंका काढली. "मेलेला अन् हा एकाच गोताचे."

"मेलेल्याचा भाऊ समजू," नायक म्हणाला. मी हसलो. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा मी तोंड मिटलं.

लालीबाईला बोलावलं. ती येऊन उभी राहिली, एक कानशील उघडं. पूनमसिंगनं कोट ठीक केला. एका हातात हुकूम, दुसऱ्या हातात मेडल, सरकारी नोंदीप्रमाणे पक्का शूर माणूस.

"लाले, मी इचारून राह्यलो. मले करतं काय?"

तिनं त्याचा राग धरलाय असंही दिसत नव्हतं. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांकडे घरची माणसं पाहतात, तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"मानूस वाईट नाही," ती नायकाला म्हणाली. "पन माहा पह्यला नवरा बरा होता. त्यानं माह्या डोक्यातली टोपली कधी मांगतली नवती."

नायकानं मान हलवली. पूनमसिंगला जरा बाजूला बसायला सांगितलं. मग जमलेल्या मंडळींकडे वळून त्यानं विचारलं, "आनखी कोनी हाय काय?"