राजाबाईच्या हाताचं पाणी

सोमवार उजाडला की शुक्रवार पेठेतल्या धर्मशाळेसमोर पाय ठेवायला जागा उरत नसे. माढ्याहून, सांगोल्याहून माणसं आदल्या दिवशीच येऊन पथाऱ्या टाकत. गिरणीतले लोक खाडा करून येत. एवढी दुनिया लोटायची ती एक पितळी घंगाळं बघायला.

घंगाळ्यात पाणी असे, नितळ, तळाची कल्हई दिसेल असं. मागे मृगाजिनावर गंगाजळी महाराज. एकेक बाई पुढे येई आणि दोन्ही हात पाण्यात बुडवी. बहुतेकींचं पाणी होतं तसंच राही. पण मधूनच एखादीचे हात पाण्याला लागले, की डोळ्यांदेखत पाणी लाल होई, आणि गर्दीतून एक हुंकार उठे.

"गंगा बोलत नाही, गंगा दाखवते," महाराज डोळे मिटून म्हणत. "कर्म हातानं होतं, म्हणून गंगा हात मागते. हितं वकील न्हाय, साक्षीदार न्हाय, वर अपील न्हाय."

काशीची गंगा सोलापुरात आलीच कशी, आणि आली तर ऐन वैशाखात गावच्या नळाला का येत नाही, हे कुणी विचारलं नाही. घंगाळं ज्या हंड्यातून भरत, त्यातलंच तीर्थ तांब्याभर पिऊन गेलेल्यांना दुसऱ्या दिवशी परसाकडं पळता पळता जीव नकोसा होई. त्यावर महाराजांकडे उत्तर तयार होतं. "पाप बाहेर पडतंय. पडू द्या."

या गर्दीत त्या सोमवारी सिद्धाराम मास्तर उभा होता. म्युनिसिपालटीच्या शाळेत तो चौथीला शिकवायचा. सोबत त्याची आई पार्वतम्मा, बायको राजाबाई आणि राजाबाईच्या बोटाला धरलेली सहा वर्षांची अक्कम्मा.

अक्कम्माला घरात अक्कू म्हणत. तिचा चेहरा बसका, डोळे तिरपे, जीभ जराशी बाहेर. ती चौथ्या वर्षी चालायला लागली. बोलणं अजून तुटक होतं आणि घरातल्यांनाच कळे. पण नक्कल करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. आजी तपकीर कशी ओढते, बाप चष्मा कसा पुसतो, सगळं ती हुबेहूब करून दाखवी. आईशिवाय त्याला हसणारं घरात कुणी नव्हतं.

पार्वतम्माचं म्हणणं सहा वर्षं एकच होतं. "गिराण लागलं तवा हिनं इळीवर वांगं चिरलं. मी सांगत हुते, ऐकलं न्हाय. आता भोगा."

राजाबाईनं वांगं चिरलं नव्हतं. ग्रहणात ती कोपऱ्यात गप बसून होती. पण सहा वर्षं ऐकून ऐकून तिलाही शंका यायला लागली होती, की आपण विसरलो तर नाही.

आणि सिद्धाराम? तो दरवर्षी वर्गात कंदील, चेंडू आणि लिंबू घेऊन ग्रहण म्हणजे नुसती सावली हे मुलांना दाखवी. घरी आई वांग्याची गोष्ट काढी तेव्हा मात्र तो वर्तमानपत्रात डोकं घाली. आईला दुखवायचं नाही, असं तो स्वतःला सांगे. खरं असं होतं, की दोष राजाबाईकडे आहे तोवर त्याच्याकडे नव्हता.

रांगेत महाराजांची सेविका म्हाळसाबाई फिरत होती. गोड बोलायची. कुठल्या गावच्या, पोरंबाळं किती, घरात काय दुखणं, सगळं विचारायची. पार्वतम्मानं तिला मन भरून सांगितलं. नंबर आला की घंगाळ्यापाशी हीच म्हाळसाबाई बाईच्या तळहातांना भस्म चोळी.

राजाबाईच्या हातांना भस्म लागलं. अक्कूनं आईचा हात धरला, वास घेतला आणि नाक मुरडलं. "तुना," ती म्हणाली.

"गप," सिद्धाराम म्हणाला. लोक बघत होते.

"आई, तुना," अक्कू पुन्हा म्हणाली. त्यानं तिचं मनगट धरून तिला मागे ओढलं.

राजाबाईनं हात बुडवले. पाणी लाल झालं.

ती त्या पाण्याकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, तो काही बोलेल म्हणून. सिद्धारामनं नजर खाली घातली. आणि त्या क्षणी त्याला वाईट वाटलं नाही, हलकं वाटलं. शहानिशा झाली होती आणि आपण सुटलो होतो.

महाराजांनी निकाल दिला. आठ दिवस आईची सावली पोरीवर पडता कामा नये. बाईनं माहेरी जावं. येत्या सोमवारी पोर महाराजांच्या मठाला वाहावी, कायमची. "ती तुमची न्हायच. शापाचं पोर घरात ठेवलं तर पुढचा वंश बुडंल."

मंगळवारी सकाळच्या गाडीनं राजाबाई माढ्याला भावाकडे गेली. जाताना तिनं एवढंच सांगितलं, "तिला भात मऊ लागतो. घास मोठा देऊ नका, अडकतो." सिद्धाराम स्टेशनपर्यंत गेला, पण डब्यापाशी थांबला नाही.

त्या आठवड्यात त्यानं पहिल्यांदा मुलीला भरवलं. घास किती लहान लागतो हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी तिला ठसका लागला. सहा वर्षांत एकदाही आपण हे केलं नाही, हे तिच्या पाठीवरून हात फिरवताना त्याला उमगलं. ती दाराशी जाऊन बसे आणि विचारी, "आई?" तो म्हणे, "येईल." सोमवारनंतर मायलेकी एकमेकींना दिसणार नाहीत, हे त्याला माहीत होतं.

गुरुवारी सकाळची शाळा सुटून तो घरी आला, तेव्हा अक्कूचा खेळ चालला होता. समोर पातेलं. त्यात तिनं आजीनं जपून ठेवलेली तीर्थाची बाटली ओतली होती. शेजारी मांडून ठेवलेल्या दोन बाहुल्या, एक उशीची आणि एक फडक्याची.

आधी ती महाराज झाली. मांडी घातली, डोळे मिटले, पोट पुढे काढलं. मग उठून म्हाळसाबाई झाली. उशीच्या बाहुलीला ताटलीतलं भस्म लावलं. फडक्याच्या बाहुलीकडे वळली तेव्हा मात्र तिचा डावा हात पाठीमागे गेला, कमरेशी खोचलेल्या काल्पनिक पिशवीत बोटं बुडवून पुढे आला, आणि मग तिनं बाहुलीच्या हातांना भस्म चोळलं.

सिद्धाराम उंबऱ्यातच थांबला. "अक्कू, ही कोण?"

"मावशी," तिनं उशीकडे बोट केलं. रांगेत त्यांच्या पुढे असलेली, जिचं पाणी नितळ राहिलं ती बाई. "मावशी, हितलं." ताटली दाखवली. मग फडक्याच्या बाहुलीला छातीशी धरलं. "आई. आई, हितलं." आणि कमरेमागे हात नेला.

"कमरेच्या पिशवीतलं? काय होतं त्यात?"

अक्कू आजीच्या पानाच्या डब्याकडे गेली. चुन्याची डबी रोज तीच आजीला आणून देई. एकदा चुना जिभेला लागून तोंड भाजलं होतं, तेव्हापासून त्याचा वास आला तरी ती नाक मुरडी. तिनं डबी बापाच्या हातात ठेवली. "तुना," ती म्हणाली, तिसऱ्यांदा.

शेकडो माणसं महाराजांकडे बघत होती. म्हाळसाबाईच्या कमरेच्या उंचीवरून बघणारी एवढी एकच होती. तिनं बघितलं होतं, सांगितलंही होतं, आणि बापानं तिला गप केलं होतं.

त्यानं बोटभर चुना तळहातांना चोळला आणि हात पातेल्यात बुडवले. पाणी लाल झालं. अक्कू टाळ्या वाजवून हसली. त्याला हसू आलं नाही. त्याचे हात त्या लाल पाण्यात तसेच राहिले.

संध्याकाळी बाटलीच्या तळाशी उरलेलं तीर्थ आणि अक्कूला घेऊन तो करीम डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी नळीत दोन थेंब सोड्याचं पाणी टाकलं. तीर्थ लाल झालं. मग लिंबू पिळलं. लाली गेली, पाणी पुन्हा नितळ.

"जुलाबाचं औषध आहे हे, मास्तर," डॉक्टर म्हणाले. "पांढरी पूड मिळते बाजारात. थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून पाण्यात टाकली की दिसत नाही. चुना, सोडा, साबण लागला की लाल. आंबट पडलं की लाली गायब. गेले काही आठवडे माझ्याकडे पोट बिघडलेली माणसं येतायत. मी समजत होतो, आंबे जास्त झाले."

सिद्धारामनं विचारावं की नाही असं करत शेवटी विचारलं, "डॉक्टर, मग ही अशी का झाली?"

डॉक्टरांनी अक्कूला जवळ घेतलं, तिचे तळवे बघितले, छातीला नळी लावली. "अशी मुलं मी आणखी पाहिलीत. हिंदूंच्या घरी, आमच्यात, गोऱ्या साहेबाच्या घरीसुद्धा. इंग्रजी पुस्तकात यांना परक्या मुलखातल्या लोकांचं नाव दिलंय. मी ते वापरत नाही. त्यात ना त्या लोकांचा मान, ना पोरांचा. कारण म्हणाल तर अजून कुणाला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणायला मला लाज वाटत नाही. पण ग्रहण नाही, शाप नाही, आईनं काही केलेलं नाही, एवढं नक्की. हळू शिकतात, पण शिकतात. छातीला जपा. आणि शिकवा. तुम्ही तर मास्तर आहात."

शेवटचं वाक्य डॉक्टरांनी सहज म्हटलं होतं. सिद्धारामला ते घरापर्यंत टोचत राहिलं. चाळीस पोरांना तो रोज शिकवत होता. हिला त्यानं एक अक्षर काढून दाखवलं नव्हतं.

सोमवार आला. तीच गर्दी, तेच घंगाळं. सिद्धाराम अक्कूला कडेवर घेऊन पुढे गेला. पोर वाहायला आला म्हणून लोकांनी वाट दिली.

"आधी माझे हात बघा," तो म्हणाला. म्हाळसाबाई भस्म घेऊन येण्याआधीच त्यानं अक्कूला खाली उतरवून हात बुडवले. पाणी नितळ राहिलं.

"गंगेनं तुला निर्मळ ठरवलं," महाराज म्हणाले.

सिद्धारामनं हात पुसले, खिशातून चुन्याची डबी काढली, सगळ्यांसमोर चुना तळहातांना चोळला आणि पुन्हा हात बुडवले. पाणी लालभडक झालं.

"एवढ्यात मी काय पाप केलं, महाराज?" त्यानं विचारलं. मग अर्धं लिंबू पिळलं. लाली विरून गेली. "आणि ते लिंबानं कसं फिटलं?"

महाराज म्हणाले, "गंगेची थट्टा करणाऱ्याची जीभ झडते."

"म्हाळसाबाईंच्या कमरेला पाठीमागे पिशवी आहे. ताटलीत भस्म, पिशवीत चुना. बायकांनी बघावं."

म्हाळसाबाई मागे सरकली. पण दोन बायकांनी तिचा हात धरला आणि पिशवी निघाली. एकीनं बोट लावून जिभेला टेकवलं आणि थुंकली. "चुनाच हाय की."

गर्दी गलबलली. सिद्धारामचा आवाज मुळात मोठा नव्हता. तो तसाच बोलत राहिला, म्हणून लोक ऐकायला गप्प झाले.

"कुणाचं पाणी लाल झालं, आठवा. जिचा नवरा गेला, जिला मूल नाही, जिचं पोर माझ्या अक्कूसारखं आहे, तिचं. ज्यांच्याकडे आपण आधीच बोट दाखवत होतो, त्यांचंच. म्हणून आपल्याला ते खरं वाटलं. या माणसानं चुना आणला. बाकीचं आपण घरून आणलं होतं." तो थांबला. "मघाशी माझं पाणी नितळ राहिलं. माझ्या बायकोनं काही केलं नव्हतं हे मला माहीत होतं, तरी मी मान खाली घातली. पाणी खरंच पाप ओळखत असतं, तर तेव्हाच लाल व्हायला पाहिजे होतं."

मागून सांगोल्याची एक म्हातारी धनगरीण पुढे आली. मायाक्का तिचं नाव. तिचे दोन मुलगे पटकीत गेले होते, आणि गेल्या सोमवारी तिचंही पाणी लाल झालं होतं. "मास्तर," ती म्हणाली, "म्हंजी माझी पोरं मी खाल्ली न्हाईत?"

"नाही, मावशी. पटकीनं नेली."

ती तिथंच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. आठ दिवस तिच्या वाड्यावर तिच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं.

दुपारपर्यंत महाराज धर्मशाळा सोडून निघून गेले. तरी काहीजण म्हणतच राहिले, की मास्तरावर कुणी करणी केली. पार्वतम्मानं दोन दिवस मुलाशी अबोला धरला. पण तिसऱ्या दिवशी अक्कूला भरवायला तीच बसली, आणि घास लहान केला.

त्याआधी, मंगळवारीच, सिद्धाराम अक्कूला घेऊन माढ्याला गेला होता. राजाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. लेक धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. सिद्धारामनं उभ्यानंच सगळं सांगितलं, चुना, औषध, डॉक्टर, लिंबू. ती ऐकत होती, पण सूप थांबलं नव्हतं.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "म्हाराज परका माणूस. त्यानं एक दिवस माझ्या हाताला चुना लावला. तुमी सहा वर्षं घरात बसून माझ्याकडं काय बघत हुता?"

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"चुकलं की. मी वांगं चिरलं हुतं का, हे मी माझ्याच जिवाला इचारत हुते. रोज." तिनं सूप खाली ठेवलं. "पोरीसाठी येते. तुमच्यासाठी कवा येईन, ते मला ठाऊक न्हाय."

ती आली. अक्कू त्या जूनपासून बापाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसू लागली. दोन पालकांनी तक्रार केली, एकानं मूल काढून नेलं. पहिलं अक्षर यायला तिला आठ महिने लागले. राजाबाईला हसायला त्याहून जास्त दिवस लागले, आणि ते मोजत बसायचा हक्क आपल्याला नाही, हे सिद्धारामला कळत होतं.

गंगाजळी महाराज दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावानं बसला असेल. त्याची पूड बाजारात मिळते आणि चुना घरोघर असतो. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला, तर दाखवणाऱ्याकडे बघत राहू नका, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याच्या हातांकडे बघा. आणि एखाद्या घरात अक्कूसारखं मूल जन्माला आलं, तर त्याच्या आईचे हात तपासायला जाऊ नका. ते हात आधीच दमलेले असतात. त्यांच्या जोडीला आपले लावा.