निळा डबा

वेंडेलला ढिला हवा होता, मला घट्ट. ट्रक मात्र एकच.

भांडण टॉर्क कन्व्हर्टरवरून होतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसणारा, तेलाने भरलेला बंद डबा. आमचा जुना गळायला लागला होता.

"ढिलाच घालू या, लोरेटा," माझा नवरा म्हणाला. "इंजिन आधी गुरगुरतं आणि मग ट्रक झेप घेतो. शर्यतीत सगळे बघत राहतील."

"आणि माझा भोपळा? ओझं घेऊन चढ चढताना तुझा ढिला डबा नुसता घसरत बसेल, तेल उकळेल. मग जत्रेला काय कडेवर घेऊन जाऊ भोपळा?"

माझा भोपळा गाईपेक्षा जड होता. दरवर्षी माझी नणंद डोरीन जत्रेत मोठ्या भोपळ्याचं पहिलं बक्षीस पटकावून वर मलाच खतांबद्दल सल्ले द्यायची. यंदा तिची जिरवायचीच होती.

वेंडेलने अर्थातच माझं ऐकलं नाही. डेल्बर्टच्या गॅरेजात जाऊन ढिला सांगून आला, निळ्या रंगाचा. दुसऱ्या दिवशी मी ॲपल पाय घेऊन तिथे हजर.

"डेल्बर्ट, घट्ट बसव आणि वरून निळा रंग दे. बंद डब्याच्या पोटात काय आहे ते कोणाला दिसतंय?"

डेल्बर्टने ॲपल पाय हुंगला. "रंग वाळायला वेळ लागेल," एवढंच म्हणाला.

शनिवारी शर्यत. आमच्याकडे आपला वेळ आपणच बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहायचा आणि नेमकं तेवढ्याच वेळात पोचायचं. त्याहून लवकर पोचलात तरी बाद. घट्ट डब्याचा आमचा ट्रक दर फेरीला बैलासारखा ठरल्या वेळी पोचला. वेंडेल ट्रॉफी घेऊन आला.

"काय झेप घेतो!" तो मित्रांना सांगत सुटला. मी हसू दाबत त्यांना लिंबाचं सरबत वाढत राहिले.

पण जत्रेच्या सकाळी तो म्हणाला, "हा ट्रक आता ओझ्याचा राहिला नाही. भोपळा राहू दे."

आली का पंचाईत! खरं सांगावं तर त्याची चारचौघांत शोभा, गप्प बसावं तर डोरीनला बक्षीस. मी भोपळ्याचा ट्रेलर जोडला. तोही शेजारी चढून बसला, मांडीवर आग विझवायचं नळकांडं घेऊन.

चढ सुरू झाला.

"जळका वास येतोय का गं?" वेंडेल म्हणाला.

"नाही."

"तेलाच्या तापमानाची सुई हलली बघ. आधी उडी तू मारशील की मी?"

माथ्यावर पोचेपर्यंत माझा धीर संपला. "घट्ट आहे तो! मीच घालायला लावला! झालं समाधान?"

त्याने नळकांडं शांतपणे पायाशी ठेवलं. "मला वाटलं, तू उतार लागला तरी कबूल होणार नाहीस."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"उन्हाळाभर त्या भोपळ्यावर चादर धरून उभी होतीस. ते बघून मलाच ढिला घालवेना. पण मित्रांसमोर असं बोलणार कोण? म्हणून मुकाट्याने बेत बदलायला डेल्बर्टकडे गेलो, तर तू आधीच येऊन गेलेली."

"आणि त्या मेल्याने मला पत्ता लागू दिला नाही! रंग मात्र छान दिलान."

"त्याने कुठला? तो तुझा ॲपल पाय खात बसला होता," वेंडेल म्हणाला. "रंग मी दिला."