पत्ता पेठचा, कावीळ इथली

"या वस्तीत कावीळ? एकही नोंद नाही," म्हणत डॉक्टरांनी रजिस्टर हर्षालीपुढे सरकवलं.

हर्षालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिंपळगाव बसवंतची ही आशाताई द्राक्षबागांमागच्या मजूरवस्तीत झोपडीन् झोपडी फिरली होती, अकरा रुग्णांची नावं वहीत लिहून आणली होती. अकराही जणांनी औषध याच दवाखान्यातून नेलं होतं. मग नोंदी गेल्या कुठे? तिने जुने केसपेपर उपसले, तेव्हा सापडल्या. अकराच्या अकरा पेठ तालुक्यात! केसपेपरच्या खिडकीतला कारकून दिनेश या मजुरांच्या आधार कार्डावरचा गावाकडचा पत्ता उतरवत होता. म्हणजे माणसं दिवाळीपासून पाणी पितात इथल्या बोअरचं आणि आजारी पडतात तिकडे डोंगरात!

"साहेब, ती बोअर बंद करा, टँकर द्या. वस्तीतल्या मोहिनीला आठवा महिना लागलाय. तीही तेच पाणी पितेय."

"ताई, टँकर रजिस्टर बघून मिळतो, तुमची वही बघून नाही. पेठला कळवलंय आम्ही."

आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! तिकडचं पथक खरंच गेलं. विहिरीत औषध टाकलं, घरांची कुलपं पाहिली आणि 'रुग्ण आढळला नाही' असं लिहून मोकळं झालं.

त्यानंतर बाराव्या दिवशी मोहिनीला दवाखान्यात आणलं. डोळे हळदीसारखे पिवळे. ती कशीबशी वाचली, मूल मात्र मेलेलंच जन्मलं.

तिची सासू साळूबाई खिडकीशी उभी राहिली. दिनेशने बाळाच्या नोंदीचा फॉर्म ओढला. "आधार कार्ड?"

"त्ये कशाला? पोर तं कदी पेठला गेलंच नाय."

दिनेशने तरीही पेठ लिहिलं. हर्षालीने खिडकीतून हात घालून फॉर्म हिसकावला, पत्त्यावर काट मारली आणि वस्तीचं नाव लिहिलं.

"अहो ताई! खाडाखोड केली की साहेबांची सही लागते."

"मग आणते सही."

ती तडक आत गेली आणि पेन डॉक्टरांच्या हातात कोंबलं. "करा सही. नाहीतर बाहेर या आणि त्या म्हातारीला तोंडावर सांगा, तुझं नातवंड पेठला मेलं म्हणून."

डॉक्टरांनी मान वर न करता सही केली. त्या वस्तीची रजिस्टरातली काविळीची ती पहिली नोंद.

दुसऱ्याच दिवशी टँकर आला. बायका हंडे घेऊन धावल्या. साळूबाई झोपडीतून बाहेर आली नाही.