लाटेची रेघ

ओवेसने ऑनलाइन मागवलेली स्वस्तातली जपानी तलवार शेजारच्या काशिरामकाकांच्या मांडीवर ठेवली. पनवेलच्या वाचनालयात तीस वर्षं काढल्यामुळे काकांना सगळं कळतं, असा त्याचा समज होता.

"काका, असली की नकली? परत पाठवायची आज शेवटची तारीख आहे."

धारेलगत लाटेसारखी पांढुरकी रेघ होती. तापलेलं पोलाद पाण्यात विझवलं की अशी रेघ उमटते, असं काकांनी वाचलं होतं. ही मात्र वरून काढल्यासारखी वाटत होती. पण आपलंच चुकत असलं तर? तलवार तिथेच ठेवून भिंग आणायच्या निमित्ताने काका आत सटकले. ओवेस फोनमध्ये डोकं घालून बसला.

काका परतले तेव्हा त्यांची बायको गुणाबाई मोरीत बसून राखेने पातं घासत होती. नवं पातं घासल्याशिवाय तिने कधी मासळीला लावलं नव्हतं.

"काकू!" ओवेस किंचाळला. "रेघ गेली!"

"मळ व्हता रं. आता बघ कशी झाली!"

काकांनी घसा खाकरला. "नकली," ते ठामपणे म्हणाले.

"पण आता ही परत कोण घेणार?"

गुणाबाईने सुरमईचा तुकडा पाडला. "परत कशाला? धार बरी हाय. मूठ तेवढी उगाच लांब हाय."