जिंकायच्या आधीचे पेढे

हे तुम्हांला खरं वाटायचं नाही, आणि वाटलंच तर मला तुमची काळजी वाटेल. ताथवड्याच्या चहाच्या टपरीवर मी हे सांगितलं तेव्हा गुरांचा डॉक्टर निरंजन शेजारी बशीत चहा ओतून ऐकत होता. म्हणजे साक्षीला शिकलेला माणूस आहे.

तर आमचे दादासाहेब. जमीन कंपन्यांना गेली आणि मानेत ताठा आला. हातात खुरपं कधी धरलं नाही, पण दावणीला बैल मात्र शर्यतीचे. जत्रेत घाटात, म्हणजे बैल पळवायच्या धावपट्टीवर, त्यांची बारी होती, आणि चुलतभाऊ रंगराव गावभर सांगत होता, "दादाचं बैल पळत्यात, पण मागं." त्या रंगरावासमोर घाटात उभं राहून गुलाल अंगावर घ्यायचा, एवढंच आता दादासाहेबांच्या आयुष्यात उरलं होतं. भरवसा इतका, की विजयाचे पेढे दोन दिवस आधीच आणून ठेवले. कुठे, तर गाडीच्या डिकीत. चैत्राचं ऊन, काचा बंद.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी चव बघायची म्हणून मूठभर खाल्ले, आणि चहाच्या वेळेला ओकायला लागले. कोणी म्हणालं पित्त, कोणी म्हणालं रंगरावाची नजर. त्यांच्या बायकोने, सुभद्रावहिनींनी, मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. नजर निघाली, उलटी काही थांबेना. शेवटी मी गाडीत घालून डॉक्टर दिव्याकडे नेलं.

तिने विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"आमी बाहेरचं खात न्हाई," दादासाहेब म्हणाले.

मी पेढ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "खवा नासलेला असणार. पोट नको ते बाहेर टाकतंय, टाकू द्या. थोडा वेळ काही घेऊ नका. मग ही पुडी लिटरभर स्वच्छ पाण्यात कालवा आणि चमच्या-चमच्याने प्या. उलटीत रक्त दिसलं, लघवी थांबली किंवा गुंगी आली, तर मात्र लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं."

"एवढीशी पुडी? आमी काय तान्हं पोर हाय? सलाईन लावा."

आमच्याकडे बाटली टांगली नाही तर तो माणूस आजारीच नव्हता. भेटायला आलेल्यांनी बघायचं तरी काय?

"पोटात पाणी टिकतंय का ते आधी बघू," दिव्या म्हणाली.

घरी आल्यावर दादासाहेबांनी चमचा भिरकावला आणि तांब्या तोंडाला लावला. सगळा तांब्या एका दमात आत, आणि तितक्याच जोरात परत बाहेर, स्वतःच्या नव्या पांढऱ्या बुटांवर. मग मात्र चमचा मुकाट्याने तोंडात गेला. वहिनी भरवत होत्या, आणि गावचा वाघ घोट गिळून पुढच्या चमच्याची वाट बघत होता. दिवेलागणीला उलट्या थांबल्या. उरलेल्या पेढ्यांचा डबा दादासाहेबांनी फेकायला म्हणून माझ्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी दादासाहेब फेटा बांधून घाटात उभे. बैलांच्या पुढे पळायला घोडी माझी, आणि वर मी. साठी उलटली तरी मांड पक्की. बारी सुटली. बैल असे आले की रंगरावाचं तोंड उघडंच राहिलं. निशाण चार हातांवर होतं, आणि तेवढ्यात घोडी थबकली, मान खाली घालून भडाभडा ओकली. बैल बुजले, एक इकडे, एक तिकडे. गुलाल रंगरावाच्या अंगावर. दादासाहेबांनी सकाळी प्रेमाने तिला एक पेढा चारला होता, दुसरं काय. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मुक्या जनावराचा राग माणसावर काढतात, अशी ही बडी माणसं.

निरंजनने बशी खाली ठेवली.

"हिंदुरावकाका, घोडीला ओकता येत नाही. तिच्या जठराचं तोंड इतकं घट्ट मिटलेलं असतं की आत गेलेलं वर येतच नाही. आणि पेढ्यांचा डबा तर तुमच्याकडे होता. मग घाटात ओकलं कोण?"